खुर्चीचा पगार, बिलाचा पगार

ताई, नमस्कार.
मी बालरोगतज्ज्ञ आहे. या वर्षी पदव्युत्तर शिक्षण संपलं आणि हातात दोन ऑफर आल्या. एक सरकारी रुग्णालयातल्या कायम पदाची, दुसरी एका मोठ्या खासगी रुग्णालयाची. खासगीवाले पहिलं वर्ष सरकारी पगाराच्या दीडपट 'मिनिमम गॅरंटी' देतो म्हणतात, पुढे 'माझ्या कामाचे ४० टक्के'. माझ्याच बॅचचा अस्थिरोगतज्ज्ञ मित्र तिथेच लागला. त्याची गॅरंटी माझ्या दुप्पट. सरकारीत मात्र आम्हा दोघांना एकच पगार मिळाला असता. अभ्यासाची वर्षं तेवढीच, जागरणं तेवढीच. बाबा म्हणतात, सरकारी सोडू नकोस. मित्र म्हणतो, वेडी आहेस का? मला आधी एवढंच कळू दे, की हे आकडे कोण ठरवतं आणि कशावरून? मी दीडपट लायक आणि तो तिप्पट, असं समजायचं का?
— गोंधळलेली डॉक्टर

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही दीडपट नाही आणि तो तिप्पटही नाही. मी स्वतः डॉक्टर नाही, पण रुग्णालयांच्या कारभारात आयुष्य गेलं, आधी सरकारी आणि मग खासगी. असे आकडे ज्या टेबलावर टाइप होतात, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसलेली आहे. लायकी मोजायचा तराजू दोन्हीकडे नव्हता. सरकारी टेबलावर मंजूर पदांची यादी असायची, खासगी टेबलावर मागच्या वर्षीची बिलं. म्हणून मी पूर्वीपासून म्हणत आले आहे, की सरकारीत पगार खुर्चीला असतो आणि खासगीत बिलाला. खुर्चीत कोण बसलंय आणि बिलामागे किती अक्कल खर्च झाली, हे दोन्हीकडे नंतरचं.

आधी खुर्ची. सरकारी रुग्णालयात पद निर्माण होतं, त्या पदाला वेतनश्रेणी चिकटते, मग माणूस येतो. श्रेणी ठरते ती पदवी, जबाबदारी आणि इतर खात्यांतल्या समकक्ष पदांशी तुलना करून. म्हणजे तुमचा पगार दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे बघून ठरतच नाही, तो इंजिनिअर किंवा प्रशासकीय अधिकारी कुठल्या पायरीवर आहे ते बघून ठरतो. एकदा श्रेणीत बसलात की वार्षिक इन्क्रिमेंट, महागाईप्रमाणे भत्ता आणि ज्येष्ठतेनुसार बढती. काही देशांत खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल वेगळा भत्ता असतो, आडबाजूला जाण्याबद्दल वेगळा. हे भत्ते म्हणजे श्रेणीला हात न लावता पैसे वाढवण्याच्या खिडक्या.

श्रेणीला हात का लावत नाहीत, हे कळलं की सरकारी पगाराचं अर्धं गूढ सुटतं. समजा एका व्यवस्थेत १०० डॉक्टर आहेत आणि प्रत्येकाला १०० एकक पगार आहे. १०१वा डॉक्टर ११० शिवाय यायला तयार नाही. त्याला ११० दिले तर बाकीचे गप्प बसणार नाहीत, आणि बसायचंही कारण नाही, कारण श्रेणी एकच. मग नव्या डॉक्टरचे ११० आणि जुन्या शंभरांचे दहा-दहा वाढून १०००. तो एक डॉक्टर सरकारला ११० ला नाही, १११० ला पडतो! म्हणून मोठा एकटा मालक पद रिकामं ठेवेल, पण पगार वाढवणार नाही. आणि रिकाम्या पदावर एजन्सीकडून रोजंदारीचा डॉक्टर बोलावून त्याला कायम डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त देईल. हे पाहून लोक म्हणतात सरकारी कारभार मूर्ख आहे. हिशोब मूर्ख नसतो, फक्त तो एका खुर्चीचा नसून सगळ्या खुर्च्यांचा असतो.

मग श्रेणी हलते कशी? कुठे वेतन आयोगाने, कुठे समितीने, कुठे संपाने. ब्रिटनचं उदाहरण बोलकं आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली तेव्हा मोठे स्पेशालिस्ट सरकारी पगारावर यायला तयार नव्हते. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्यांना सेवेत राहून खासगी पेशंट बघायची मुभा दिली, वर गुणवंतांसाठी पगाराशिवाय वेगळी पारितोषिकं ठेवली. स्पेशालिस्टांची तोंडं मी सोन्याने भरली, असं ते नंतर म्हणाल्याचं सांगतात. सरकारी पगार पहिल्या दिवसापासून तडजोडीचाच होता, हे त्यातून दिसतं. पुढे दर वेळी सरकार आणि डॉक्टर यांची भांडणं नकोत म्हणून १९५७ साली शाही आयोग नेमला गेला. त्याने १९६० मध्ये स्वतंत्र समितीची शिफारस केली, आणि आजची समिती १९७१ पासून दर वर्षी डॉक्टरांच्या पगाराबद्दल सल्ला देते. सल्लाच फक्त. सरकारने तो मानलाच पाहिजे असं नाही. महागाई पुढे आणि पगार मागे, असं वर्षानुवर्षं साचत गेलं आणि मार्च २०२३ मध्ये इंग्लंडचे ज्युनिअर डॉक्टर संपावर गेले. त्यांची मागणी होती, २००८ सालच्या पगाराची खरी किंमत परत द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ त्यांनी स्वीकारली, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप केला.

जर्मनीत वेगळा रस्ता निघाला. रुग्णालयांतल्या डॉक्टरांची मारबुर्गर बुंड ही संघटना आधी मोठ्या कामगार संघटनेबरोबर एकत्र वाटाघाटी करायची. २००५ मध्ये ती बाजूला झाली आणि २००६ च्या मोठ्या संपानंतर डॉक्टरांचा स्वतंत्र वेतन करार झाला. तोपर्यंत डॉक्टरांचा पगार इतर सरकारी कर्मचाऱ्यांच्या पट्टीने मोजला जात होता, ती पट्टीच त्यांनी बदलून घेतली. तात्पर्य काय, तर सरकारीत तुमचा पगार तुम्ही एकटीने वाढवू शकत नाही. तो सगळ्यांचा मिळून वाढतो किंवा वाढत नाही. रुजू झालात तर संघटनेची वर्गणी भरा. हा माझा फुकटचा सल्ला.

आता बिल. खासगी रुग्णालयाने तुमच्या मित्राला दुप्पट गॅरंटी दिली कारण त्याच्या एका पेशंटमागे ऑपरेशन थिएटर चालतं, इम्प्लांट लागतो, खोली भरते, क्ष-किरण, फिजिओथेरपी. त्यातलं त्याचं कौशल्य किती आणि लोखंडाची किंमत किती, हे बिल सांगत नाही, पण बिलाचा आकडा मोठा असतो. तुमच्या पेशंटमागे काय असतं? तीन दिवसांचा ताप, रडणारं मूल, घाबरलेली आई आणि तुमची वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत तुम्ही मूल नीट तपासून म्हणता, "काही नाही, व्हायरल आहे, पाणी पाजत राहा, या या खुणा दिसल्या तर लगेच या." वैद्यकीयदृष्ट्या ते उत्तम काम. बिलात मात्र एक तपासणी फी. औषध नाही, रक्ततपासणी नाही, भरती नाही. तुमचं उत्तम काम बिलात दिसत नाही, ही तुमच्या शाखेची मूळ अडचण आहे आणि ती रुग्णालयाच्या दुष्टपणाने तयार झालेली नाही.

हे दुरुस्त करायचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथे वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. डॉक्टर पूर्वी जेवढी फी लावत आले, त्यावरूनच तो पैसे देत असे, त्यामुळे चिरफाड करणाऱ्यांचे दर फुगले आणि बोलून, तपासून बरं करणाऱ्यांचे मागे पडले. हार्वर्डमध्ये विल्यम श्याओ आणि सहकाऱ्यांनी हजारो कामांचं मोजमाप केलं. किती वेळ लागतो, किती डोकं लागतं, हाताचं कसब किती, शारीरिक श्रम किती, ताण किती. त्यावरून प्रत्येक कामाला सापेक्ष गुण मिळाले, त्यात दवाखान्याचा खर्च आणि निष्काळजीपणाच्या दाव्यांच्या विम्याचा खर्च मिळवला, आणि एका रुपांतर दराने गुणून फी काढायची पद्धत १९९२ पासून लागू झाली. कल्पना सुंदर होती. पण हे गुण वेळोवेळी सुधारायला मदत करणारी समिती आहे अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, आणि तिच्यात शस्त्रक्रिया आणि सुपरस्पेशालिटीवाल्यांचं वजन जास्त, ही टीका आजही होते. दरी थोडी कमी झाली, बुजली नाही. खासगी विमा कंपन्याही बहुतेक वेळा याच तक्त्यावर आपले दर बेततात. तेव्हा 'खासगी बाजार ठरवतो' हे ऐकलंत की थोडं हसा. बाजाराच्या खिशातही कुठल्या तरी समितीचा तक्ता असतो.

मुलांच्या डॉक्टरांचं तिथे आणखी एक दुखणं. गरिबांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड, मुलांचा फार मोठा वाटा सांभाळतो, आणि त्याचे दर साधारणपणे मेडिकेअरपेक्षा कमी असतात. म्हणून मोठ्यांचं हृदय बघणाऱ्यापेक्षा लहानांचं हृदय बघणाऱ्याची कमाई पुष्कळदा कमी, शिक्षणाची वर्षं कमी नसूनही. पेशंटचे पैसे कोण भरतंय, हे तुमच्या पगारात असं येऊन बसतं. लहान मूल स्वतःचं बिल भरत नाही, आणि मतही देत नाही.

खासगी आणि सरकारी या दोन पेट्या आपण समजतो तेवढ्या बंदही नसतात. कॅनडात बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत, स्वतःचा दवाखाना चालवतात, पण फी देतं प्रांताचं सरकार, आणि फीचा तक्ता डॉक्टरांची संघटना आणि सरकार बसून ठरवतात. जपानमध्ये रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचाराचा दर देशभर एकच तक्ता ठरवतो आणि तो दर दोन वर्षांनी बदलतो. तरी तिथेसुद्धा स्वतःचं क्लिनिक असलेला डॉक्टर रुग्णालयातल्या पगारी डॉक्टरपेक्षा जास्त कमावतो, कारण फी एक असली तरी ती कुणाच्या खिशातून फिरून येते याने फरक पडतो. आणि अमेरिकेतलं मेयो क्लिनिक? खासगी, पण तिथले डॉक्टर पगारी. जास्त पेशंट बघितले, जास्त ऑपरेशनं केली म्हणून त्यांचा पगार वाढत नाही. तेव्हा नुसतं 'सरकारी की खासगी' विचारून तुमचं भागणार नाही. मोजमाप कशाचं आहे, ते विचारा. वेळेचं, पेशंटच्या संख्येचं, कामांचं की बिलाचं?

आता तुमची ऑफर. 'कामाचे ४० टक्के' असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टर, काम म्हणजे काय? हा प्रश्न मी खडूसपणे विचारते आहे, कारण या एका शब्दावर लोकांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. तुमची ओपीडी फी? भरती असलेल्या मुलाच्या राउंडची फी? तुम्ही लिहिलेल्या रक्ततपासण्या नक्कीच नाहीत, आणि त्या नसाव्यातच. तपासणीवर डॉक्टरला टक्का म्हणजे पेशंटच्या हातात सुई टोचून पगार काढणं. अमेरिकेत स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी मेडिकेअरचे पेशंट पाठवण्याला १९८९ च्या कायद्यापासून आळा आहे, तो यासाठीच.

मग 'ग्रॉस' की 'नेट'? समजा गॅरंटी १०० एकक आहे. ४० टक्क्यांनी १०० मिळवायला तुमच्या नावावर २५० जमा व्हायला हवेत. वर्षभरात तुम्ही घाम गाळून तिथपर्यंत पोहोचलात. मग कळतं की विमा कंपनीची कपात, कंपन्यांना दिलेली सवलत, बुडीत बिलं असं सगळं वजा जाता नेट मोजतात. १५ टक्के गेले तर २५० चे राहिले दोनशे साडेबारा, आणि त्याचे ४० टक्के होतात ८५. पेशंट तेवढेच, रात्री तेवढ्याच, पगार पंधरा टक्के कमी. रुग्णालयाने कोणाला सवलत द्यावी हे तुम्ही ठरवत नाही, मग तिचा भुर्दंड तुमच्या वाट्याला का? आणि विमा कंपनीचे पैसे चार महिन्यांनी आले तर तुमचा वाटा चार महिन्यांनी का?

गॅरंटीचं वर्ष ही ओळख तयार व्हायची मुदत असते. केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलं, की आरोग्याच्या बाजारात घेणाऱ्याला माल पारखता येत नाही, त्यामुळे व्यवहार विश्वासावर चालतो. आईबाप तुमचं निदान पारखू शकत नाहीत. शेजारणीने सांगितलं म्हणून येतात. ही ओळख एका वर्षात होत नाही, मुलांच्या डॉक्टरची तर नाहीच. एक मूल तुमच्याकडे पाच-सात वर्षं येत राहतं, मग त्याचं भावंड. म्हणजे बारा महिन्यांनंतर टक्क्यावर टाकणं हे तुमच्या शाखेसाठी घाईचं आहे, तुमच्या मित्रासाठी कदाचित नाही. हाड एकदाच मोडतं आणि एकदाच बसतं.

एक आठवण सांगते. मी काम केलेल्या एका खासगी रुग्णालयात एका वर्षीच्या तक्त्यात बालरोग विभाग 'तोट्यात' निघाला. गॅरंटी कापली, दोन डॉक्टर सोडून गेले. वर्षभराने प्रसूती विभागाची संख्या घसरली. रात्री नवजात बाळाला बघायला चांगला डॉक्टर नाही, हे बाहेर पसरलं होतं. प्रसूतीची बिलं प्रसूतीच्या खात्यात जात होती, त्यामुळे त्या बिलांतला बालरोगाचा हातभार कोणत्याच ओळीत दिसत नव्हता. मी तो तक्ता स्वतः तयार केला होता. आजही त्याची लाज वाटते. तुम्ही वाटाघाटीला बसाल तेव्हा हा मुद्दा काढाच: मी नसेन तर तुमचा प्रसूती विभाग आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, कोण चालवणार?

म्हणून माझं मत असं. खासगीत जायचंच असेल तर टक्का मागू नका, ठरलेला पगार मागा, रात्रीच्या कॉलचा वेगळा हिशोब मागा. दीडपटीऐवजी सव्वापट मिळाला तरी चालेल. मुलांच्या डॉक्टरला टक्का मारक आहे, पैशाने आणि मनानेही. "भरती करायची गरज नाही" असं म्हणताना प्रत्येक वेळी मनाच्या कोपऱ्यात स्वतःचं नुकसान दिसणार असेल, तर दोन वर्षांनी तो कोपरा मोठा होतो. तुमचा तसा होईल असं नाही, पण मी बऱ्याच सज्जन माणसांचा झालेला पाहिला आहे.

दीडपटीची तुलनाही नीट करा. सरकारी पगाराच्या आकड्यात निवृत्तिवेतन दिसत नाही, पण तो तुमचाच पगार असतो, उशिरा मिळणारा. ब्रिटनच्या आरोग्य सेवेत मालक पेन्शनसाठी पगाराच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम भरतो, ती कोणी मित्राला सांगताना मोजत नाही. रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा, निष्काळजीपणाचा दावा झाला तर वकील कोण देणार, हे सगळं दोन्हीकडचं लिहून काढा. मग तासांनी भागा. खासगीत महिन्याला ३०० तास आणि १५० एकक पगार, सरकारीत १८० तास आणि १०० एकक, असं निघालं तर तासाला सरकारीच पुढे आहे. तुमचे तास किती, ते तिथे सध्या काम करणाऱ्याला विचारा, एचआरला नको.

सरकारीचं गुणगानही मी पुरतं करणार नाही. पद खरंच कायम आहे का, ते आदेशात वाचा. सरकारी रुग्णालयातली कंत्राटी नेमणूक म्हणजे दोन्हीकडचं वाईट: खुर्चीचा पगार आणि खुर्ची नाही. बदलीचे नियम, खासगी प्रॅक्टिसची बंदी, आधीचा अनुभव धरून पायरी मिळते का, हे रुजू व्हायच्या आधी विचारा, नंतर कोणी दाद देत नाही. आणि कितीही जीव तोडून काम केलंत तरी शेजारच्या टेबलावर पेपर वाचणाऱ्याला तुमच्याइतकंच इन्क्रिमेंट मिळेल. ते सोसणारा स्वभाव लागतो. काहींना आयुष्यभर सोसतं, काही तिसऱ्या वर्षी कडवट होतात. बाबांना हे माहीत असेल, विचारून बघा.

त्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांचा चांगला विभाग आणि शिकवणारे ज्येष्ठ असतील, तर मी पहिली तीन-चार वर्षं तिथे काढली असती. तसं काही नसेल, एकटीनेच ओपीडी उपसायची असेल, तर ओढ कमी.

पण सही करायच्या आधी या आठवड्यात खासगी रुग्णालयाला एक ईमेल करा. चार ओळी पुरे: ४० टक्के कशाचे, वजावटी कोणत्या, पैसे कोणत्या तारखेला, आणि नोटीस किती महिन्यांची, सोडल्यावर त्याच परिसरात काम करायला बंदी आहे का, तेही त्यातच. उत्तर लेखी मागा. फोनवर "मॅडम, काळजी करू नका" असं आलं तर ते उत्तर धरू नका. कराराचा मसुदा आला की नावं खोडून मला पाठवा, 'नेट'ची व्याख्या कुठल्या पानावर लपवली आहे ते मी शोधून देते. बहुतेक परिशिष्टात असते.